पत्रातील शब्दांचा धनी

आपण एखाद्यास पत्र लिहितो, ते पाकिटात घालतो आणि पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकतो. पाकीट आत पडले, की ते आपले राहत नाही. कागद गेला, शाई गेली, तिकिटाचे पैसेही गेले. परंतु त्या कागदावरील शब्द कोणाचे? लिहिणाऱ्याचे, की ज्याच्या हाती ते पडले त्याचे? आणि उद्या कोणी तिसराच गृहस्थ ते पत्र, किंवा त्यातील चार ओळी, आपल्या पुस्तकात छापू लागला, तर त्यास ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणास आहे? प्रश्न दिसावयास लहान आहे. तथापि त्याने न्यायासनांना जवळजवळ तीनशे वर्षे विचार करावयास लावले आहे.

माझी ह्या प्रश्नाशी गाठ पडली ती काही ग्रंथालयात नव्हे. उत्तर हिंदुस्थानातील एका शहरी माझी नेमणूक असताना तेथील महाराष्ट्र मंडळाने आपल्या वर्धापनदिनानिमित्त एक स्मरणिका काढण्याचे ठरविले. मंडळात एक जुना प्रघात होता. दरमहा एखादे व्याख्यान झाले, की टेबलावर एक वही ठेवीत. ज्यास जे वाटेल ते त्याने त्या वहीत लिहावे, दुसऱ्याने त्याखाली उत्तर द्यावे, तिसऱ्याने दोघांचीही खोडी काढावी. अशा कित्येक वह्या साठल्या होत्या. त्यांतील निवडक मजकूर छापावा असे ठरले आणि सरकारी नोकर नियमाचा जाणता असतो ह्या समजुतीने निवडीचे काम माझ्याकडे आले. मी निवड केली, प्रतही तयार झाली. एका सायंकाळी मंडळातील एक वृद्ध शिक्षिका माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “माझा मजकूर तुम्ही घेतला आहे असे ऐकले. तो मी वहीत लिहिला होता, पुस्तकासाठी नव्हे. मला कोणी विचारले का?” मी म्हटले, “बाई, वही तर मंडळाची आहे.” त्या शांतपणे म्हणाल्या, “वही मंडळाची. शब्द माझे.”

मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. घरी येऊन मी कायद्याची पुस्तके उघडली आणि मागे मागे जात अठराव्या शतकातील लंडनला जाऊन पोचलो. बाई जे एका वाक्यात बोलून गेल्या, तेच एका लॉर्ड चॅन्सेलरने १७४१ साली सांगून ठेवले होते.

त्या काळी इंग्लंडमध्ये ग्रंथस्वामित्वाचा कायदा अगदी नवा होता. राणी अ‍ॅनच्या कारकीर्दीत १७१० साली तो अमलात आला. त्यापूर्वी छपाईचा हक्क प्रायः पुस्तकविक्रेत्यांच्या संघाकडे असे. नव्या कायद्याने तो प्रथमच ग्रंथकारास दिला आणि त्यास मुदतही घातली: नव्या ग्रंथास चौदा वर्षे, आणि तेव्हा ग्रंथकार हयात असल्यास आणखी चौदा. विद्येस उत्तेजन देणे हा आपला हेतू असल्याचे त्या कायद्याने आपल्या शीर्षकातच सांगितले होते. परंतु त्यात बोलणे होते ते ग्रंथांविषयी. पत्रांचे काय, हे त्यात कोठेच लिहिलेले नव्हते.

ह्या मोकळ्या जागेत एडमंड कर्ल नावाचा पुस्तकविक्रेता शिरला. दुसऱ्याचे लेखन मिळेल तेथून मिळवावे आणि छापून मोकळे व्हावे, ह्याबद्दल त्याची लंडनभर ख्याती, किंबहुना अपकीर्ती, होती. कवी अलेक्झांडर पोप आणि डब्लिनचे डीन जोनाथन स्विफ्ट ह्यांचा पत्रव्यवहार त्याने १७४१ साली प्रसिद्ध केला. पोपने चॅन्सरी न्यायालयात धाव घेतली. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पोप ह्या प्रकरणात अगदीच निष्पाप नव्हता. आपली पत्रे आपणच छापणे हे त्या काळी आत्मप्रौढीचे लक्षण मानीत. म्हणून १७३५ साली पोपने गुप्तपणे एका मध्यस्थाच्या हस्ते आपली काही पत्रे ह्याच कर्लच्या हाती पडू दिली आणि तो ती अशुद्ध छापतो अशी ओरड करून १७३७ साली स्वतःची ‘अधिकृत’ आवृत्ती काढली. असा चतुर फिर्यादी आणि असा निर्ढावलेला प्रतिवादी समोरासमोर उभे राहिले आणि त्यांच्या भांडणातून जगास एक चिरस्थायी तत्त्व मिळाले.

कर्लचे म्हणणे तीन प्रकारचे होते. पत्र ही पाठविणाऱ्याने घेणाऱ्यास दिलेली देणगी आहे, ती देऊन टाकल्यावर त्याचा हक्क संपला, हे पहिले. हा संग्रह आधी डब्लिनमध्ये छापला गेला आहे, तेव्हा तो पुन्हा छापण्यास कोणासही मोकळीक आहे, हे दुसरे. आणि घरगुती पत्रे ही काही विद्वत्तेची कृती नव्हे, तेव्हा विद्येच्या कायद्याचे संरक्षण तिला नाही, हे तिसरे. लॉर्ड चॅन्सेलर हार्डविक ह्यांनी तिन्ही म्हणणी बाजूस सारली. पत्र घेणाऱ्याची मालकी असलीच तर ती कागदावर आहे; पत्र जवळ असणे म्हणजे ते जगापुढे मांडण्याचा परवाना नव्हे, असा त्यांनी निर्णय दिला. बाहेर छापून आणून कायदा चुकविण्याची वाट त्यांनी बंद केली. आणि घरगुती विषयांवर, छापण्याचा विचारही नसताना लिहिलेल्या पत्रांनी मनुष्यजातीची जेवढी सेवा केली आहे तेवढी क्वचितच दुसऱ्या लेखनाने केली असेल, असा अभिप्राय त्यांनी दिला. तथापि मनाईहुकूम दिला तो पोपने लिहिलेल्या पत्रांपुरताच. पोपला आलेली पत्रे पोपची नव्हेत, ती लिहिणाऱ्यांची. न्यायाचा काटा दोन्ही बाजूंस सारखा चालला.

परंतु लिहिणाऱ्याचा हक्क एवढा दृढ झाला, तर इतरांनी त्याच्याविषयी बोलावयाचे कसे? विद्या पुढे जाते ती एकाच्या शब्दास दुसऱ्याने उत्तर दिल्याने. ह्याचेही भान हार्डविक ह्यांना होते. त्याच सुमारास त्यांच्यापुढे मॅथ्यू हेल ह्यांच्या फौजदारी कायद्यावरील ग्रंथाच्या संक्षेपाचा खटला आला. त्यांनी सांगितले, की मूळ ग्रंथावर केवळ कात्री चालवून हक्क चुकवू पाहणारा संक्षेप वर्ज्य होय. परंतु ज्यात करणाऱ्याची बुद्धी, श्रम आणि निवड खरोखर उतरली आहे असा प्रामाणिक संक्षेप हे नवेच पुस्तक समजावे. म्हणजे एका हाताने त्यांनी लिहिणाऱ्याचे दार लावले आणि दुसऱ्या हाताने वाचणाऱ्यासाठी खिडकी उघडी ठेवली. आज ज्यास आपण ‘न्याय्य वापर’ म्हणतो, त्याचे बीज ह्या खिडकीत आहे.

ते बीज रुजले ते बरोबर शंभर वर्षांनी, अटलांटिकच्या पलीकडे. जॉर्ज वॉशिंग्टन ह्यांचे कागदपत्र त्यांच्या पुतण्याकडे, न्यायमूर्ती बुशरॉड वॉशिंग्टन ह्यांच्याकडे, वारसाने गेले होते. जेअर्ड स्पार्क्स ह्या इतिहासकाराने त्यांच्याशी करार करून अतिशय परिश्रमाने ती पत्रे बारा खंडांत संपादित केली. त्यानंतर चार्ल्स अपहॅम ह्या धर्मोपदेशकाने शालेय ग्रंथालयांसाठी वॉशिंग्टनचे दोन भागांचे चरित्र लिहिले. त्याची युक्ती अशी, की कथा शक्य तेथे वॉशिंग्टनने स्वतःच्याच पत्रांतून सांगावी. हेतू उत्तम, वाचक शाळकरी मुले, नायक राष्ट्रपिता. परंतु पुस्तकाच्या ८६६ पानांपैकी ३५३ पाने स्पार्क्सच्या खंडांतून शब्दशः उचललेली होती आणि त्यांतील ३१९ पाने पूर्वी कोठेही प्रसिद्ध न झालेल्या पत्रांची होती.

१८४१ साली मॅसॅच्युसेट्समध्ये न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी ह्यांच्यापुढे हा वाद आला. प्रतिवादींनी सांगितले, की ही थोर पुरुषाची पत्रे आहेत, ती सर्व राष्ट्राची आहेत. स्टोरी ह्यांनी ते मानले नाही. थोर पुरुषाचा शब्दही प्रथम त्याचा व त्याच्या वारसांचा असतो. मग त्यांनी घेण्याची मर्यादा कशी ओळखावी हे सांगितले. जे घेतले ते कोणत्या स्वरूपाचे आणि कोणत्या हेतूने. घेतलेल्या भागाचे परिमाण किती आणि मोल किती. आणि त्यामुळे मूळ ग्रंथाच्या खपास किती धक्का बसतो, किंवा नवे पुस्तक मूळ ग्रंथाची जागाच घेते काय, हे पाहावे. परीक्षण करणाऱ्याने परीक्षणासाठी उतारे घेण्यास मुळीच हरकत नाही; मात्र टीकेच्या मिषाने ग्रंथाचा गाभाच उचलला, तर ती चोरी होय. मुलांच्या उपयोगाच्या पुस्तकाविरुद्ध निकाल देताना त्यांना खेद झाला. परंतु त्यांनी तो दिला.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. स्टोरी ह्यांच्या निकालाचे सार त्या एका म्हणीत मावते. परीक्षेसाठी शीत काढून बोटांनी दाबून पाहावे, त्यास कोणी चोरी म्हणणार नाही. परंतु परीक्षेचे निमित्त करून सगळे पातेलेच शेजारी नेले, तर ती परीक्षा राहत नाही. किती शिते म्हणजे परीक्षा आणि किती म्हणजे चोरी, ह्याचा आकडा मात्र कोणत्याही न्यायाधीशाने सांगितलेला नाही, आणि ते योग्यच आहे. अमेरिकेने १९७६ च्या कायद्यात हेच निकष कलमबद्ध केले, पण आकडा तेथेही घातला नाही.

आतापर्यंत गोष्ट झाली लिहिलेल्या शब्दाची. बोललेल्या शब्दाचे काय? इंग्लंडचे माजी पंतप्रधान लॉर्ड रोझबरी ह्यांची काही भाषणे ‘टाइम्स’च्या बातमीदारांनी लघुलिपीत उतरून घेतली आणि नीट जुळवून पत्रात छापली. तीच छापील भाषणे घेऊन जॉन लेन ह्या प्रकाशकाने पुस्तक केले. रोझबरी ह्यांनी काहीच हक्क सांगितला नाही. भांडण लागले ते वृत्तपत्र आणि प्रकाशक ह्यांच्यात. खालच्या न्यायालयाने एक निकाल दिला, अपील न्यायालयाने तो फिरविला आणि १९०० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने पुन्हा वृत्तपत्राच्या बाजूने कौल दिला. हवेत विरून जाणारा शब्द कौशल्याने व कष्टाने ज्याने कागदावर स्थिर केला, त्याचा त्या वृत्तान्तावर हक्क आहे, असे बहुमत पडले. एका न्यायमूर्तींचे मत विरुद्ध होते. म्हणजे एकाच भाषणाभोवती दोन प्रकारचे श्रम असतात: बोलणाऱ्याचे आणि टिपून घेणाऱ्याचे. चर्चेचा वृत्तान्त छापणाऱ्याने ह्या दोघांचीही आठवण ठेवली पाहिजे.

ह्या सर्व वादाची झळ आपल्या मुंबईसही लागली. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेस प्लूटार्ककृत अलेक्झांडरचे चरित्र, सर टॉमस नॉर्थच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातून, नेमलेले होते. मॅकमिलन कंपनीने त्यातील उतारे निवडून व जोडून टीपांसह पाठ्यपुस्तक काढले. मुंबईच्या कूपर ह्या प्रकाशकांनीही जवळजवळ तसेच पुस्तक बाजारात आणले. खटला मुंबईच्या उच्च न्यायालयातून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९२३ साली त्याचा निकाल लागला. नॉर्थचे भाषांतर सोळाव्या शतकातले, ते केव्हाच सर्वांचे झालेले. त्यातील काही भाग गाळून उरलेला जोडला एवढ्याने तो मजकूर मॅकमिलनचा होत नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने सांगितले. परंतु विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या टीपा ही खरी विद्वत्तेची व कष्टाची कमाई होती; तिला संरक्षण मिळाले. परक्या धान्याची रास करणे निराळे आणि स्वतःच्या शेतात पिकविणे निराळे, हा भेद एका मॅट्रिकच्या पुस्तकाने आपल्या कायद्यात पक्का केला.

स्वातंत्र्यानंतर भारताने आपला स्वतंत्र अधिनियम १९५७ साली केला आणि तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्याचे ५२वे कलम ही हार्डविक ह्यांचीच खिडकी होय. खाजगी उपयोग व संशोधन, टीका किंवा परीक्षण, आणि चालू घडामोडींचे वृत्त ह्यांसाठी केलेला रास्त व्यवहार हा हक्कभंग नव्हे, असे ते सांगते. सार्वजनिक व्याख्यानाच्या वृत्ताचा उल्लेख त्यात २०१२ साली आला. दुसरीकडे, जाहीर भाषणाचा प्रथम हक्क ते देणाऱ्याचा, हे १९८३ च्या दुरुस्तीने स्पष्ट झाले. आणि ५७वे कलम तर मला सर्वांत मानवी वाटते. लेखकाने आपला हक्क विकून टाकला, तरी ‘हे मी लिहिले’ असे म्हणण्याचा आणि आपल्या नावास बट्टा लागेल अशी मोडतोड थांबविण्याचा त्याचा अधिकार शिल्लक राहतो. पैशाचा हक्क जाऊ शकतो. नावाचा जात नाही.

गांधीजींचेच उदाहरण पाहा. ‘हिंद स्वराज्य’चे इंग्रजी भाषांतर १९१० साली निघाले, तेव्हा त्यावर कोणतेही हक्क राखून ठेवलेले नाहीत असे छापलेले होते. त्याच गांधीजींनी पुढे आपल्या लेखनाचा हक्क नवजीवन संस्थेच्या स्वाधीन केला. त्यांनी आयुष्यभर लिहिलेली पत्रे देशोदेशींच्या लोकांकडून गोळा करून त्यांच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजीत शंभर खंड झाले. पत्राचा कागद घेणाऱ्याच्या कपाटात, शब्दांचा हक्क विश्वस्तांकडे आणि त्यांचा उपयोग सर्व जगास, अशी ही त्रिविध व्यवस्था होती. २००८ सालच्या अखेरीस, म्हणजे मृत्यूनंतरची साठ वर्षे भरल्यावर, तो हक्कही संपला आणि ते शब्द सर्वांचे झाले.

लिहिणाऱ्याचा हक्क कधी कधी फार ताणला जातो, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकन कादंबरीकार जे. डी. सॅलिंजर ह्यांनी आपले चरित्रकार इयन हॅमिल्टन ह्यांच्यावर दावा लावला. कारण विद्यापीठांच्या ग्रंथालयांत ठेवलेल्या सॅलिंजर ह्यांच्या पत्रांचा त्यांनी आधार घेतला होता. हॅमिल्टननी उतारे कमी करून आशय आपल्या शब्दांत सांगितला, तरीही १९८७ साली अपील न्यायालयाने पुस्तक रोखले. चमत्कार असा, की दावा लावण्यासाठी ती पत्रे सरकारी कार्यालयात नोंदवावी लागली आणि जी लपवावयाची होती ती कोणासही पाहता येऊ लागली. चरित्रकार व इतिहासकार भयभीत झाले. शेवटी १९९२ साली अमेरिकन काँग्रेसला कायद्यात वाक्य घालावे लागले, की लेखन अप्रकाशित आहे एवढ्याच कारणाने त्याचा न्याय्य वापर निषिद्ध ठरत नाही. इतिहासलेखनासाठी ही दुरुस्ती अगत्याची होती. नाही तर मेलेल्या माणसांविषयी फक्त त्यांच्या वारसांना आवडेल तेवढेच लिहिता आले असते.

आपल्याकडील अशी कसोटी १९९६ साली केरळच्या उच्च न्यायालयात लागली. तोप्पिल भासी ह्यांचे ‘निंगळेन्ने कम्युनिस्टाक्कि’, म्हणजे ‘तुम्ही मला कम्युनिस्ट केलेत’, हे नाटक १९५२ पासून केरळात गाजलेले. त्यास उत्तर म्हणून सिव्हिक चंद्रन ह्यांनी प्रतिनाटक लिहिले आणि त्याचे नावच प्रश्नरूप ठेवले: तुम्ही कम्युनिस्ट केले ते कोणाला? त्यांनी मूळ नाटकातील पात्रे, प्रसंग, संवाद बरेच घेतले. भासींच्या वारसांनी हरकत घेतली. न्यायालयाने पाहिले ते असे: टीकेच्या मानाने घेतलेला भाग किती आणि कशा मोलाचा, घेण्याचा हेतू कोणता, आणि दोन कृतींत स्पर्धा संभवते काय. घेतलेला भाग मोठा होता. परंतु तो मूळ नाटकाची जागा घेण्यासाठी नव्हे, तर त्याच्याशी वाद घालण्यासाठी घेतला होता. खालच्या न्यायालयाची मनाई उठली. अपहॅमचे सद्हेतूचे पुस्तक थांबले आणि हे भांडखोर नाटक चालले, ह्यात विसंगती नाही. अपहॅमने पत्रे घेतली ती पत्रांच्याच जागी ठेवण्यासाठी. चंद्रन ह्यांनी शब्द घेतले ते त्यांना उत्तर देण्यासाठी.

तेव्हा ह्या दीर्घ इतिहासाचे तात्पर्य मला असे दिसते. चर्चेत टाकलेला शब्द हा रस्त्यावर टाकलेला शब्द नव्हे. तो लिहिणाऱ्याचाच राहतो. त्यास उत्तर देण्यासाठी, त्याचे परीक्षण करण्यासाठी, त्यातून इतिहास समजून घेण्यासाठी तो प्रत्येकास उचलता येतो. पण आयत्या बिळावर नागोबा होऊन बसण्यासाठी नव्हे. आणि उचलताना, कोणी लिहिले ते सांगावे आणि जसे लिहिले तसेच सांगावे.

मी वह्या पुन्हा उघडल्या, तेव्हा माझी चूक माझ्या ध्यानी आली. मी त्या चर्चेविषयी काही लिहीत नव्हतो. मी ती चर्चाच उचलून पुस्तक करीत होतो. परीक्षेचे शीत नव्हे, पातेलेच मी नेत होतो. मग आम्ही प्रत्येकास पत्र पाठवून अनुमती मागितली. जे हयात नव्हते त्यांच्या घरी गेलो. बहुतेकांनी आनंदाने होकार दिला, काहींनी दोन ओळी सुधारून दिल्या, काहींनी नकार दिला. स्मरणिका ठरल्याहून बरीच लहान झाली आणि चार महिने उशिरा निघाली.

त्या शिक्षिका मात्र नकार देतील असे मला वाटत होते. त्यांनी आपला मजकूर दोनदा वाचला, एक शब्द बदलला आणि खाली सही केली. म्हणाल्या, “छापा. मला एवढेच हवे होते, की कोणी विचारावे.”